१९६६ची एमजीबी घेऊन पहिल्यांदा ट्रॅकवर जातोय, सल्ला द्या (अपडेट: जाऊन आलो, वृत्तांत खाली)

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. मामांकडून आलेली १९६६ची एमजीबी रोडस्टर (एमजीची उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) माझ्याकडे आहे हे इथल्या जुन्या लोकांना माहितीये, फिकट हिरवी, रविवारी सकाळी कॉलेज रोडला दिसते ती. मूळची दिल्लीत कुठल्यातरी वकिलातीतल्या साहेबाची, नंतर एसटीसीच्या (सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या) लिलावात निघाली आणि हात बदलत बदलत नाशकात आली. तर विषय असा की कोइमतूरच्या कारी स्पीडवेवर ट्रॅक डे आहे (शर्यत नाही, आपापली गाडी रेस ट्रॅकवर पळवायची), ओळखीच्या ग्रुपने स्लॉट घेतलेत आणि म्हणाले जुनी गाडी आण, बिनधास्त चालेल. मी आयुष्यात ट्रॅकवर गेलेलो नाही, ना नव्या गाडीत ना जुन्या. इथे सिंहस्थाच्या कामांनी अर्धं शहर उकरून ठेवलंय, चौथा गियर शेवटचा कधी टाकला आठवत नाही, त्यामुळे मन फार ओढ घेतंय. गाडी फ्लॅटबेडवर जाईल, चालवत नेणार नाही (ही घरची अट). इंजिन रिबिल्ट आहे, तापत नाही, थोडं ऑईल गळतं पण न गळणारी ब्रिटिश गाडी मी तरी अजून बघितली नाही. काय काय तपासू? आणि मुळात न्यावी का?

सातपूर_बी_शिफ्ट
नेऊ नका. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. साठीला आलेली गाडी, पत्र्याचा एक पॅनल वाकला तर इंग्लंडहून मागवायला लागेल, कस्टम भरून दुप्पट किंमत. देशात अशा गाड्या किती राहिल्यात? ट्रॅकवर पळवायचीच हौस असेल तर एक जुनी मारुती एस्टीम घ्या, सीटा काढून फेका आणि हवी तशी बडवा. ही गाडी आता आपल्या एकट्याची मालमत्ता नाही असं माझं मत आहे.

हेराल्डताई
बी शिफ्ट, आलं का तुमचं पुन्हा तेच. ही गाडी शोकेससाठी बनवलेलीच नव्हती हो. १९६३, ६४ आणि ६५ अशी तीन वर्षं कारखान्याची एमजीबी फ्रान्समधल्या ल मांच्या शर्यतीला उतरली आणि तिन्ही वर्षी २४ तास पळून शेवटपर्यंत पोचली. पहिल्या वर्षी तर शर्यत सुरू होऊन थोडाच वेळ झाला आणि गाडी वाळूत रुतली, ड्रायव्हरने तासाभरापेक्षा जास्त वेळ वाळू उपसली, बाहेर काढली आणि तरी क्लासमध्ये पहिला नंबर आणला. आणि आपण म्हणायचं झाकून ठेवा. गोदाकाठ, तुम्ही जा. माझी हेराल्ड (स्टँडर्डची जुनी गाडी) तयार असती तर मीही मागे लागले असते.

अंबडचा_लेथ
न्यायची का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी फक्त ब्रेकचं बोलतो कारण सगळे इंजिनाचंच विचारतात. इंजिन बोंबललं तर गाडी उभी राहील, एवढंच होईल ना? ६६च्या एमजीबीला ब्रेकचं सर्किट एकच, पुढे डिस्क मागे ड्रम आणि मास्टर सिलिंडर एक. मागच्या एका व्हील सिलिंडरचं (चाकातला ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) रबर गेलं की चारही चाकं गेली, हातात राहतो हँडब्रेक. गावात चाळीसच्या स्पीडला हे निभावतं, ट्रॅकवर स्ट्रेटच्या (सरळ पट्ट्याच्या) शेवटी नाही निभावत.

तर पहिलं काम मागचे दोन्ही व्हील सिलिंडर उघडा, नुसतं बाहेरून ओलं आहे का बघून चालत नाही, पिस्टन काढून बोअरमध्ये टॉर्च मारा. दुसरं, रबरी होज कितीही टकाटक दिसू देत, बदला, ते आतून सुजतात, ऑईल जाताना जातं पण परत येताना अडकतं आणि ब्रेक धरून राहतो. तिसरं ब्रेक ऑईल. ताजं डॉट ४ असेल तर उकळायला कमीत कमी २३० डिग्री लागतात, तेच ऑईल हवेतलं पाणी पिऊन बसलं की हा आकडा १५५ला येतो. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने उभ्या असलेल्या गाडीत काय झालेलं असेल विचार करा. कोणीतरी सांगेल सिलिकॉनचं डॉट ५ भर, रंग खात नाही म्हणून. शोच्या गाडीला भरा, ट्रॅकला नको, पेडल स्पंजासारखं लागतं.

आणि हे पाठ करून जा. पेडल मऊ पडून खाली जायला लागलं तर ऑईल उकळलंय. पेडल दगडासारखं कडक आणि गाडी थांबत नाहीये तर पॅड तापलेत. दोन्हीत पिटमध्ये (ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथे) यायचं, पण पहिल्यात जास्त सांभाळून, पंप मारत मारत.

ओझरकर_काका
अंबडकर बरोबर सांगतायत. मी त्यात भर घालतो. आम्ही एचएएलला विमानावर आयुष्य घालवलं, तिथे नट आवळला हे काम अर्धंच धरतात, तो सुटणार नाही याची तार बांधली की पूर्ण. मागच्या एक्सलचे, कॅलिपरचे आणि सम्पचा (इंजिनाखालच्या ऑईलच्या तबकाचा) ड्रेन प्लग एवढ्या बोल्टांना भोक पाडून लॉकवायर करून घ्या. तार नेहमी अशी ओढायची की बोल्ट सुटायला गेला तर तार ताणली जाईल, उलट्या बाजूने बांधलेली तार ही शोभेची वस्तू. दहावा मैलला घर आहे माझं, तारेचा पक्कड माझ्याकडे आहे, गाडी आणलीत तर करून देईन.

दुसरं, तुमची चाकं तारांची असतील तर मधल्या नॉक-ऑफ स्पिनरचा (हातोड्याने ठोकून आवळायचा मोठा नट) आटा नीट बघा. डाव्या बाजूला सरळ आटा, उजव्या बाजूला उलटा. दोन्हीकडे आवळताना स्पिनरचं वरचं टोक गाडीच्या मागच्या दिशेला जायला हवं. तसं असेल तर गाडी पुढे जाताना तो आपोआप घट्ट होत राहतो. कोणी मागे काम करताना हब डावीउजवीकडे बदलून बसवले असतील तर नेमकं उलटं होतं, चालता चालता सैल. तांब्याचा नाहीतर शिशाचा हातोडा सोबत ठेवा, लोखंडी घण नको.

शोलावरमला ऐंशीच्या दशकात जाऊन आलोय मी रेस बघायला, मद्रासजवळ दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी, त्यावर गवताचे भारे आणि टायर लावून ट्रॅक केलेला. फियाट आणि हेराल्ड एकमेकांना घासत जायच्या, लोक अगदी कडेला उभे. नव्वदमध्ये इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक झाला आणि तो सगळा प्रकार संपला. तेव्हाच्या गाड्या आजच्या तुमच्या गाडीपेक्षा वाईट अवस्थेत पळायच्या, तेव्हा जा, पण तार बांधून जा.

पेठरोडचा_पक्या
मायलेज किती देते? हाहाहा

पॉलिसी_पाटील
दोन रुक्ष गोष्टी सांगतो, कोणाला आवडणार नाहीत. एक, तुमच्या मोटर पॉलिसीत वापराच्या मर्यादांखाली ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेसमेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल असं छापलेलं असतं आणि ते सगळं वगळलेलं असतं. ट्रॅक डे म्हणजे रेस नाही हे मला पटतं पण क्लेम बघणाऱ्याला पटेलच असं नाही. ट्रॅकवर जे काही मोडेल ते स्वतःच्या खिशातून असं धरूनच निघा. फ्लॅटबेडवरच्या प्रवासाचा विमा मात्र वेगळा मिळतो, तो घ्या.

दोन, ५० वर्षांच्या वरची गाडी आहे म्हणून २०२१च्या नियमात व्हिंटेज नोंदणी केली असेल (व्हीए सिरीजवाली, नवीन नोंदणीला २० हजार फी) तर ती गाडी रोज वापरायची नसते, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्या कामांनाच रस्त्यावर काढायची. त्यामुळे फ्लॅटबेडचा निर्णय तसाही योग्यच.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार, बी शिफ्ट तुमचेही. गाडी अजून जुन्याच नंबरवर आहे पाटीलसाहेब, व्हीएचं बघतोय.

काल लेथभाऊंच्या शेडवर मागचे ड्रम उघडले. डावीकडचा सिलिंडर बाहेरून कोरडा खडखडीत होता. पिस्टन बाहेर काढला आणि आत टॉर्च मारला तर बोअरच्या खालच्या बाजूला, जिथे पाणी साचून राहतं तिथे, गंजाचा खड्डा, नख फिरवलं की अडकेल एवढा. रबर त्याच्या अगदी अलीकडे थांबत होतं. हळू ब्रेक मारला तर काही नाही, पूर्ण ताकदीने पेडल दाबलं की पिस्टन पुढे सरकणार, रबर खड्ड्यावर जाणार आणि तिथून ऑईल बाहेर. म्हणजे गावात कधीच कळलं नसतं. भाऊंनी बोअर मोठा करून स्टीलचा स्लीव्ह घातला आणि होनिंगला (आतून घासून गुळगुळीत करायला) त्यांच्याकडे येणारे एक मायकोतून (आताची बॉश) रिटायर झालेले काका आहेत त्यांच्या हातात दिला. त्या माणसाने आयुष्यभर डिझेल नोझलवर मायक्रॉनमध्ये काम केलंय, माझा सिलिंडर बघून म्हणाले हे तर फार ढोबळ काम आहे. मजुरी घेतली नाही, मिसळीवर भागलं.

किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) ग्रीस, लिव्हर आर्म शॉकॲब्सॉर्बरमध्ये ऑईल, हे टेम्पोवाल्या मिस्त्रीकडून केलं. त्याला किंगपिन सांगावं लागलं नाही, शोरूममधल्या पोराने मात्र मला विचारलं सर ते काय असतं.

टायर १६५/८० आर १४ आहेत, डिझायरचाच साइज असल्यामुळे मिळायला त्रास नाही. फक्त तारांच्या चाकात ट्यूब लागतेच. साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे वाचले (पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष) आणि चारही नवीन घेतले. नक्षी भरपूर होती जुन्यांना पण रबर लाकूड झालेलं. काकांकडे दहाव्या मैलाला जाऊन तारही बांधून घेतली, काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही.

निफाडचा_द्राक्षवाला
पेट्रोलचं काय करताय? आता सगळीकडे २० टक्के इथेनॉल. माझ्या फियाटच्या कार्ब्युरेटरचं रबर वर्षात चिकट झालं.

गोदाकाठ
पंपापासून दोन्ही एसयू कार्ब्युरेटरपर्यंतचे होज इथेनॉल चालणारे टाकलेत आणि फ्लोट चेंबरच्या नीडल पण बदलल्यात. उभी ठेवायची असेल तेव्हा टाकी आणि चेंबर रिकामे करतो. शंभर ऑक्टेनची माझ्या इंजिनाला गरज नाही, कॉम्प्रेशन ८.८ आहे. पेट्रोलमधलं शिसं बंद होऊन (२०००पासून देशभर) एवढी वर्षं झाली, त्यामुळे रिबिल्डच्या वेळीच हेडला कडक व्हॉल्व्ह सीट घातलेल्या आहेत, ती काळजी नाही.

निघतो. आल्यावर लिहितो.

पेठरोडचा_पक्या
फोटो टाका. आणि मायलेज.

गोदाकाठ
जाऊन आलो. गाडीला ओरखडा नाही, हे बी शिफ्टसाठी सगळ्यात आधी. मोठं लिहितोय, चहा घेऊन बसा.

कोइमतूरपर्यंतचा प्रवास हेच पहिलं दुखणं होतं. फ्लॅटबेडवाल्याने (नाव सांगत नाही) गाडी चाकांना पट्टे न लावता बंपरच्या ब्रॅकेटला बांधायला घेतली होती, मी तिथे उभा होतो म्हणून. तारांच्या चाकाला स्पोकमधून पट्टा घालू नका, टायरवरून जाणारा जाळीचा पट्टा मागा. मी विमानाने गेलो. ट्रॅक चेट्टिपाळयमला आहे, शहराबाहेर, २.१ किमीचा. नाव एस. करिवर्धन यांच्यावरून, ज्यांनी फॉर्म्युला मारुतीच्या गाड्या बनवल्या आणि आपल्याकडे खिशाला परवडणारं रेसिंग सुरू केलं, ९५ला विमान अपघातात गेले बिचारे. आदल्या दिवशी हातात वेळ होता म्हणून अविनाशी रोडचं जी. डी. नायडूंचं कार म्युझियमही बघून आलो, त्यावर वेगळा धागा काढेन.

सकाळी तपासणी. ब्रेक लाइट, बॅटरी घट्ट बांधलेली आहे का, सीट बेल्ट, केबिनमध्ये सुटं काही नको, उघडी गाडी म्हणून रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा दांडा). तो माझ्याकडे आधीच बसवलेला होता. बॅटरी कुठेय विचारलं तर त्या पोराला सीटच्या मागचं झाकण उचलून सहा सहा व्होल्टच्या दोन दाखवल्या, त्यात गाडी पॉझिटिव्ह अर्थ, त्याने दोन सीनियर मुलांना बोलावून आणलं बघायला. (ज्यांच्याकडे पॉझिटिव्ह अर्थ गाडी आहे त्यांनी मोबाइलचा चार्जर सॉकेटमध्ये खुपसू नका, तिथे बॉडी प्लस असते. लॅप टायमर मी स्वतःच्या बॅटरीवर चालणारा नेलेला.) मग झेंड्यांचं ब्रीफिंग. पिवळा म्हणजे पुढे काहीतरी झालंय, हळू, ओव्हरटेक नाही. लाल म्हणजे सगळ्यांनी सावकाश पिटमध्ये. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी आलीये, जाऊ द्या. लाल पिवळे पट्टे म्हणजे रस्ता निसरडा, बहुतेक कोणीतरी ऑईल सांडलंय. हे सांगताना सगळे माझ्याच गाडीकडे बघत होते. ओव्हरटेक फक्त स्ट्रेटवर, आणि तेही पुढच्याने हात करून बाजू दाखवली तरच.

पहिल्या सेशनला शेजारी इन्स्ट्रक्टर बसला, कोइमतूरचाच, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. बसल्या बसल्या म्हणाला थर्ड. ओन्ली थर्ड. संपूर्ण सेशन एकाच गियरमध्ये. मला वाटलं हे काय, पण त्याचं कारण लगेच कळलं, गियर बदलायचं डोक्यातून गेलं की माणूस रस्त्याकडे बघतो. मी पहिल्या लॅपला बॉनेटच्या पुढे दहा फुटांवर बघत होतो, अगदी द्वारका सर्कलला रिक्षा कुठून घुसेल ते बघतो ना तसं. तो नुसतं बोट करायचा, दूर, वळणाच्या पलीकडे. तिकडे बघितलं की हात आपोआप कमी हलायला लागले.

दुसरं त्याने शिकवलं ते ब्रेकचं. आपण रस्त्यावर ब्रेक आधी हळू मारतो आणि मग वाढवत नेतो. इथे उलटं. सरळ आहात तोवर सुरुवातीलाच जोरात, मग वळणाकडे येता येता पाय हलका करत सोडायचा. आणि गाडी वाकडी व्हायला लागली की ब्रेकवर जोर नको. हे कागदावर सोपं आहे हो. स्ट्रेटच्या शेवटी काटा ७५ मैलांवर (१२०च्या आसपास), समोर वळण १०० मीटरवर असल्याची पाटी, आणि हातात तो मोठ्ठा बारीक कड्याचा स्टिअरिंग, पाय दाबला की पुढचं नाक खाली जातं, मागचा एक्सल हलका होऊन किंचित शेपूट हलवतो, सीटमधूनच कळतं. पहिल्यांदा पोटात गोळा आला. त्या दाबाला, अगदी त्याच दाबाला तो मागचा डावा सिलिंडर फुटला असता. लेथभाऊ, त्या क्षणी तुमची फार आठवण झाली, हे खरंच.

आता मजेचं. गाडीत ९५ हॉर्सपॉवर, तेही नवी होती तेव्हाचे. पोलो, सिविक, रेसिंगच्या तयार एस्टीम सगळ्या मला मागे टाकून जात होत्या आणि मी त्यांना उघड्या गाडीतून हात बाहेर काढून जा जा करत होतो, स्ट्रेटवर माझं तेवढंच काम. पण वळणात! टायर बारीक, त्यामुळे ते कमी स्पीडलाच किंचाळायला लागतात आणि सुटतात तेही सावकाश, सांगून सवरून. मध्ये एक लांब वळण आहे, तिथे आधी ती नाकाने बाहेर बाहेर जायची, मी आणखी स्टिअरिंग फिरवायचो, ती आणखी बाहेर. इन्स्ट्रक्टर म्हणाला हात नको, पाय. एक्सलरेटर नखभर सोड. सोडला, आणि पुढची चाकं जमिनीला धरली, नाक आत आलं, मागचा भाग थोडासा बाहेर पसरला आणि तिथेच थांबला. पुन्हा नखभर दाबला, गाडी सरळ. स्टिअरिंग मी हलवलंच नव्हतं. साठ मैलांच्याही आत हे सगळं चाललेलं. त्यानंतर मी प्रत्येक लॅपला त्या वळणाची वाट बघायचो, बाकीचा ट्रॅक म्हणजे तिथपर्यंत जायचा रस्ता. दोनशे हॉर्सपॉवरच्या गाडीतल्या पोराला हेच करायला शंभरच्या वर जावं लागत असणार आणि चुकलं तर तो माझ्यापेक्षा फार लांब जाऊन पडणार. हेल्मेटच्या आत मी मोठ्याने हसत होतो असं इन्स्ट्रक्टरने नंतर सांगितलं.

त्याच वळणात ऑईल प्रेशरचा काटा मात्र खाली यायचा. सरळ रस्त्यावर ६०, वळणात हळूहळू चाळीसकडे, बाहेर पडलं की परत वर. सम्पमधलं ऑईल एका बाजूला जाऊन पिकअप उघडा पडायला लागतो. मी डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत ऑईल भरलं आणि त्या वळणात जास्त वेळ ताणून धरायचं टाळलं, मग काटा पंचेचाळीसच्या खाली गेला नाही. एकदा दोनदा इंजिन ठसकलंही, फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल कलंडत असणार.

दुपारच्या सेशनमध्ये उन्हात पेडल किंचित लांब वाटायला लागलं. मऊ नाही, लांब. दुसऱ्या लॅपला आणखी लांब. मी थांबलो नाही की घाबरलो नाही, हात वर केला, एक लॅप ब्रेक न वापरता सावकाश फिरून गाडी गार केली आणि आत आलो. उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेले ड्रम तिथेच धरून बसतात, चाकाला वीट लावली. पुढच्या डिस्कमधून जळक्या पॅडचा तो वास, थंड होताना धातूची टिकटिक, आणि पेट्रोल पंपाची टिकटिक वेगळी, ती एसयू पंपाची असतेच. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा जागेवर. म्हणजे ऑईल उकळायच्या बेताला आलं होतं. नंतर ब्रेक ब्लीड करून (लाइनमधली हवा काढून) घेतले आणि उरलेल्या सेशनमध्ये चार लॅप पळायचं, एक लॅप गार करायचं असं ठेवलं.

प्रत्येक सेशननंतर स्पिनर हातोड्याने तपासले. काकांनी सांगितल्याप्रमाणे स्पिनर आणि हबवर एक पांढरी रेघ मारली होती, रेघ जुळतेय म्हणजे हलला नाही. हलला नाही.

हेराल्डताई
वाचताना माझाच पाय दाबला जात होता. टायरमध्ये हवा किती ठेवली होतीत?

गोदाकाठ
ताई, गार असताना रस्त्यापेक्षा कमी नाही ठेवली, आधी इन्स्ट्रक्टरने कमी करू दिली नाही कारण बारीक टायर कडेवर लोळतात. सेशन संपल्यावर गरम असताना मोजली तर चार पाच पीएसआय वाढलेली असायची, मग जेवढी वाढली तेवढी काढली. टायरच्या खांद्यावर खडूची रेघ मारून बघायचं, रेघ कुठपर्यंत पुसली गेली त्यावरून कळतं किती लोळतोय.

सातपूर_बी_शिफ्ट
ओरखडा नाही हे वाचून आनंद झाला, मनापासून. पण आता खरं सांगा, गाडीचं काय काय झालं? झीज सांगा, वृत्तांत नको.

गोदाकाठ
रास्त प्रश्न. पुढचे पॅड निम्मे संपले. पुढच्या डाव्या टायरचा बाहेरचा खांदा घासला. मागच्या एका चाकात दोन स्पोक सैल झालेत, बोटाने वाजवलं तर बाकीच्यांसारखे वाजत नाहीत. ऑईल अर्धा लीटर प्यायली. एक्झॉस्टचा एक क्लँप तुटला. मागच्या लीफ स्प्रिंगच्या रबर बुशा बसल्यात, त्या तशाही जुन्या होत्या. पक्या, मायलेज चार. रस्त्यावर दहा देते. आता झालं समाधान?

पेठरोडचा_पक्या
झालं. धन्यवाद दादा. माझ्या पल्सरचं सांगू का?

सातपूर_बी_शिफ्ट
स्पोक सैल झाले हे मला अजिबात आवडलेलं नाही. चाक म्हणजे चेष्टा नाही. माझं मत तेच आहे. पण तो सिलिंडर या निमित्ताने उघडला गेला हे मान्य करतो, नाहीतर कसारा घाटात कधीतरी गेला असता.

ओझरकर_काका
स्पोकचं बी शिफ्ट म्हणतात ते बरोबर आहे. सगळे स्पोक सारखे ताणून चाक ट्रू करून घ्या, नुसते सैल दोन आवळू नका, चाक वाकडं होईल. जुन्या नाशकात सायकलवाले होते तसं काम करणारे, पण मोटारीच्या चाकाला ६० स्पोक असतात, घाई नको. आणि स्प्लाइनही (चाक ज्यात बसतं ते हबवरचे दात) तपासा. चाक जॅकवर उचला, कोणालातरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि चाक पुढेमागे हलवा. कटकट आवाज आला तर हबचे दात झिजलेत.

निफाडचा_द्राक्षवाला
आपल्या जवळ काहीच नाही का हो? दरवेळी कोइमतूर कोणाला परवडणार. नाशकात काही वर्षं रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची, आम्ही शेताच्या बांधावर उभं राहून बघायचो, धूळ खायचो. रॅलीला एवढी माणसं जमायची पण साधा एक किलोमीटरचा ट्रॅक नाही झाला.

गोदाकाठ
नाही ना. पिथमपूरला नॅट्रॅक्स आहे, आग्रा रोडने सरळ धुळ्यावरून वर, पण तो टेस्टिंगचा ट्रॅक, ११.३ किमीचा हायस्पीड ओव्हल, आपल्या गाड्यांना तिथे काय काम. खर्चाचं म्हणाल तर ट्रॅकच्या फीपेक्षा फ्लॅटबेडला जास्त गेले. दोन गाड्या मिळून मोठा कॅरियर केला तर परवडेल, म्हणून ताईंची हेराल्ड पुढच्या वेळी तयार हवी.

हेराल्डताई
यायचंय तर आहेच. पण माझ्या गाडीला मागे स्विंग ॲक्सल, आडवा एक स्प्रिंग. तुम्ही जे वळणात पाय सोडून नाक आत आणलंत ते मी केलं तर?

अंबडचा_लेथ
ताई ते अजिबात करायचं नाही. वळणात अचानक पाय काढला की मागचा भाग वर उचलतो, बाहेरचं चाक आत दुमडतं आणि गाडी गर्रकन फिरते. हेराल्डला वळणाच्या आधीच काय तो स्पीड कमी करायचा आणि पूर्ण वळणभर एक्सलरेटर हलका पण चालू ठेवायचा. म्हणूनच स्टँडर्डने नंतर गॅझेलला साधा सरळ एक्सल दिला. पण तुमचं पहिलं काम ते नाहीच, तुमचे ब्रेक चारही ड्रम आहेत ना?

हेराल्डताई
चारही ड्रम. मागच्या वर्षी लाइनर बदललेत, सिलिंडर उघडलेले नाहीत.

अंबडचा_लेथ
मग उघडा. चारही सिलिंडर आणि ड्रम काढून घेऊन या, ड्रम ओव्हल झालेत का लेथवर लावून बघू. शनिवारी शेड बंद असतं, बाकी कधीही दुपारी चारनंतर, होनिंगवाले काका तेव्हाच येतात. ऑईल पुसून आणा, मागच्या वेळी गोदाकाठ यांनी माझं टेबल चिकट करून ठेवलं.